तीन पत्तीत मुरलेल्या हाताला होल्डेम शिकवताना

होल्डेम हा पोकरचा एक प्रकार. तो खेळताना आमच्या गच्चीवरचं पहिलं भांडण कलर आणि सिक्वेन्सवरून झालं. सांगलीतल्या विश्रामबागेतली गच्ची, शनिवारची रात्र, मधे सतरंजी, ताटलीत भडंग. तासगावच्या दाजींनी पंजीपासून नव्वीपर्यंत ओळ मांडली आणि मधले चिंचोके ओढायला हात पुढे केला. समोर भाच्याकडे पाच बदाम.

"दाजी, थांबा. माझा कलर आहे."

"मग? कलर सिक्वेन्सच्या खालीच की!"

चाळीस वर्षं तीन पत्ती खेळलेल्या माणसाला तोंडी पटवणं शक्य नव्हतं. शेवटी कागद-पेन आलं. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. सिक्वेन्स कमी वेळा येतो, म्हणून तो वरचा. पाच पानांचे हात होतात २५,९८,९६०. त्यात सिक्वेन्स, म्हणजे पोकरमधला स्ट्रेट, १०,२०० वेळा येतो आणि कलर, म्हणजे फ्लश, ५,१०८ वेळा. इथे कलर दुर्मीळ, म्हणून कलर वर. दाजींनी कागद दोनदा वाचला. "म्हंजे पानं वाढली की गणित उलटतंय," म्हणाले आणि चिंचोके भाच्याकडे सरकवले.

हा लेख दाजींसारख्यांसाठी आहे. तीन पत्ती ज्यांच्या हातात बसली आहे, त्यांना होल्डेमचे नियम अर्ध्या तासात येतात. अडचण पुढे येते. तीन पत्तीत पॅक करणारा घाबरट ठरतो आणि शो मागेपर्यंत टिकणारा मर्द. होल्डेममध्ये बहुतेक वेळा पानं ठेवून देणं हेच काम असतं, आणि नेमकं तेच या हाताला जमत नाही.

आधी चिंचोक्यांचं

आम्ही पैसे लावत नाही. महाराष्ट्रात १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावरही देशभर बंदी आली, त्यात पोकर आणि रमी दोन्ही आले. कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच राहील: शिकताना पैसे असले की माणूस पानांकडे बघतच नाही, खिशाकडे बघतो.

आमच्याकडे चिंचोका दहाचा आणि कवडी शंभराची. सुरुवातीला प्रत्येकाला शंभर चिंचोके आणि दहा कवड्या, म्हणजे २,०००. सहा जणांना सहाशे चिंचोके लागतात. चिंचा फोडायच्या दिवसांत घरात सांगून ठेवलं की सहज जमतात. दाजी एकदा चिंचोक्यांऐवजी बेदाणे घेऊन आले होते. दहा वाजेपर्यंत मधला पॉट निम्मा खाऊन झाला होता आणि कुणी किती लावले याचा हिशेब लागेना. बेदाणे वापरू नका.

चिंचोके असले तरी ते संपले की त्या रात्रीपुरतं उठायचं, हा नियम मात्र पाळा. नाहीतर प्रत्येक जण दर डावाला सगळं पुढे ढकलतो आणि शिकण्यासारखं काही उरत नाही.

डाव कसा चालतो

थोडक्यात सांगतो. पत्ते पिसून प्रत्येकाला दोन पानं उपडी. ज्याच्या पुढे बटन असतं तो वाटणारा (आम्ही बटन म्हणून बाटलीचं झाकण वापरतो). त्याच्या डावीकडचा १० घालतो, तो स्मॉल ब्लाइंड. त्याच्या पुढचा २० घालतो, तो बिग ब्लाइंड. इथे पहिली ठेच लागते. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल करणारा आणि त्याला निम्मी सवलत. इथे पानं सगळेच बघतात. ब्लाइंड हा फक्त तीन पत्तीतल्या बुटासारखा सक्तीचा पैसा आहे, आणि तो आळीपाळीने सगळ्यांवर येतो.

मग पहिली फेरी: कॉल (आधीच्याइतकंच लावणं), रेझ (वाढवणं) किंवा फोल्ड (पानं टाकणं). त्यानंतर मधे तीन पानं उघडी, तो फ्लॉप. पुन्हा फेरी. चौथं पान टर्न, पुन्हा फेरी. पाचवं रिव्हर, शेवटची फेरी. प्रत्येक वेळी उघडण्याआधी वरचं एक पान उपडंच बाजूला टाकायचं. शेवटी हातातली दोन आणि मधली पाच अशा सातांतून सगळ्यांत चांगली पाच पानं धरायची.

चढता क्रम असा: हाय कार्ड, जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, स्ट्रेट, फ्लश, फुल हाउस, चार सारखी, स्ट्रेट फ्लश. तीन पत्तीवाल्यांनी एकच गोष्ट डोक्यात ठोकून घ्यावी. तिकडे ट्रेल म्हणजे देव, ४२५ हातांत एकदा दिसणारा. इकडे तीन सारखी पानं मधल्या पायरीवर आहेत आणि त्यांच्या वर पाच पायऱ्या आहेत. गंमत म्हणजे तीन पानांत जोडी ३,७४४ प्रकारे होते आणि पाच पानांत फुल हाउसही बरोबर ३,७४४ प्रकारे. दाजींना हा आकडा इतका आवडला की फुल हाउस लागला की ते मुद्दाम "जोडी लागली" म्हणून दाखवतात.

कुठे बसलोय, हे आधी

होल्डेममध्ये शेवटी बोलणाऱ्याचा फायदा पानांइतकाच मोठा आहे. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो तो का? आपला आकडा तिसऱ्याला कळू नये म्हणून. इथे रुमाल नाही. तुमच्या आधीचे सगळे आपले आकडे उघड्यावर सांगतात आणि बटनवर बसलेला सगळं ऐकून मग तोंड उघडतो. फ्लॉपनंतर बटनवाला कायम शेवटी बोलतो, ब्लाइंडवाले कायम आधी.

म्हणून तीच पानं एका जागेवरून खेळायची आणि दुसऱ्या जागेवरून टाकायची. सहा जणांच्या डावात बिग ब्लाइंडच्या डाव्या हाताला बसलेला सगळ्यांत आधी बोलतो. त्या जागेवरून शिकणाऱ्याने एवढंच खेळावं: सत्तीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्क्यासोबत राजा, राणी किंवा गुलाम, राजा-राणी, आणि दोन्ही पानं एकाच रंगाची, म्हणजे दोन्ही बदाम किंवा दोन्ही इस्पिक असतील तर एक्का-दश्शी, राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी. दोन पानांच्या एकूण १,३२६ जुळण्या होतात, त्यातल्या या १२८. दहा हातांत एक.

हो, एकच. दाजींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग बाकी नऊ डाव काय आभाळ बघायचं?" बाकी नऊ डाव बाकीच्यांकडे बघायचं. ते पुढे येतंच.

बटनवर हीच यादी तिपटीपेक्षा जास्त वाढते. आधीच्या सगळ्यांनी पानं टाकली असतील तर कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, एकरंगी कुठलाही राजा, राजा किंवा राणीसोबत दश्शीपासून वरचं पान, गुलाम-दश्शी, शिवाय एकरंगी लागोपाठची पानं, पंजी-छक्कीपर्यंत. साधारण तीन हातांत एक. मधल्या जागांवर मधलं. याहून बारीक तक्ते असतात, पण पहिले सहा महिने त्यांची गरज नाही.

आणि शिरायचं असेल तर रेझ करून शिरा. २० चा कॉल करून गुपचूप आत जाणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. मागचे चारही स्वस्तात आत येतात. ५० किंवा ६० करा. दोन-तीन जण गळतात, आणि कधी कधी सगळेच गळून ब्लाइंड तुम्हाला मिळतात. आधी कुणी रेझ केली असेल तर यादी आणखी आखडती घ्या. त्याच्या रेझला कॉल करायला लागणारी पानं स्वतः रेझ करायला लागणाऱ्या पानांपेक्षा चांगली हवीत.

फसवणारी पानं दोन प्रकारची. पहिलं, एक्का आणि सोबत बारकं पान. एक्का-पंजी घेऊन तुम्ही बसलात, फ्लॉपवर एक्का आला, छाती फुगली. समोरच्याकडे एक्का-राणी. दोघांची जोडी एक्क्याची, पण जोडीदार पान त्याचं मोठं. असा सामना साधारण दहात सात वेळा राणीवाला जिंकतो, आणि पंजीवाला जिंकतो तेव्हा थोडं जिंकतो, हरतो तेव्हा भरपूर. दुसरं, "एकरंगी आहेत की!" म्हणून खेळलेली कुठलीही दोन पानं. एकरंगी दोन पानं असताना फ्लॉपवरच फ्लश लागण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी, सुमारे ११९ डावांत एकदा. एकरंगी असणं ही चांगल्या पानांवरची फोडणी आहे, नुसती फोडणी खाऊन पोट भरत नाही.

लक्षात ठेवायचे थोडे आकडे

एक्क्यांची जोडी २२१ हातांत एकदा येते. आमची गच्ची संथ आहे, तासाला पंचवीसेक डाव, चार तासांत शंभर. म्हणजे सरासरी दोन शनिवारांत एकदा. इतकी वाट बघून आलेले एक्के राजाच्या जोडीविरुद्ध ८२ टक्के जिंकतात, म्हणजे पाचात जवळपास एकदा हरतात. आणि सगळ्यांना स्वस्तात आत घेतलं, पाच जण समोर राहिले, तर एक्क्यांचं जिंकणं निम्म्याच्या जरा खाली येतं. म्हणून एक्के आले की लपवून बसू नका. रेझ करा, माणसं कमी करा.

कुठलीही जोडी सतरा हातांत एकदा येते. बारकी जोडी, समजा चौकीची, फ्लॉपवर तिसरी चौकी घेऊन येण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आत, साडेआठ वेळांत एकदा. नाही आली आणि वर मोठी पानं पडली, की समोरून बेट येताच, म्हणजे समोरच्याने काही लावताच, चौकी टाकायची. एक्का-राजा घेऊन बसलात तर फ्लॉपवर त्यातल्या एकाची तरी जोडी लागणं तीनात एकदा. तीनातल्या दोन वेळा तुमच्या हातात फक्त दोन देखणी चित्रं असतात.

एक्का-राजा विरुद्ध राणीची जोडी हा सामना बघायला भारी वाटतो, पण तो जवळजवळ नाणेफेक आहे, राणीकडे थोडा झुकलेला: ५७ विरुद्ध ४३, आणि एक्का-राजा एकरंगी असतील तर ५४ विरुद्ध ४६.

आउट्स मोजणं, आणि एक डाव जवळून

आउट म्हणजे गठ्ठ्यात राहिलेलं असं पान, जे आलं की तुमचा हात जिंकणारा होतो. झटपट मोजणी अशी: फ्लॉपनंतर फक्त पुढचं एक पान बघायचं असेल तर आउट्स गुणिले २, दोन्ही पानं बघायची नक्की असतील तर गुणिले ४. फ्लशला एक पान कमी असेल तर नऊ आउट्स: पुढच्या पानावर १९ टक्के, दोन्ही पानांत ३५. स्ट्रेट दोन्ही टोकांनी उघडा असेल तर आठ: १७ आणि साडेएकतीस. मधलंच एक पान हवं असेल तर चार: साडेआठ आणि साडेसोळा.

गुणिले ४ चा आकडा बघून लोक फसतात. तो तेव्हाच खरा, जेव्हा टर्नवर आणखी काही द्यावं लागणार नसतं, म्हणजे कुणीतरी ऑल-इन झालेलं, पुढ्यातलं सगळं लावून बसलेलं असतं. एरवी टर्नवर दुसरं बिल येतं. म्हणून फ्लॉपवर निर्णय घेताना बहुतेक वेळा गुणिले २ च धरा.

आता तो डाव. मी बटनवर, हातात बदाम गुलाम आणि बदाम दश्शी. दाजी त्या रात्री बरेच हरले होते, पुढ्यात ३८० उरलेले. त्यांनी ५० ची रेझ केली, मी कॉल, दोन्ही ब्लाइंड गळाले. पॉट १३०. फ्लॉप: किलवर राजा, बदाम नव्वी, बदाम तिर्री.

भाचा माझ्या खांद्यावरून बघत होता. कानात म्हणाला, "मामा, तेरा आउट्स." मोजू. बदाम उरले नऊ: एक्का, राजा, राणी, अठ्ठी, सत्ती, छक्की, पंजी, चौकी, दुर्री. शिवाय राणी आली तर राजापासून नव्वीपर्यंत स्ट्रेट. राण्या चार, म्हणून भाच्याचे तेरा. पण बदाम राणी आधीच फ्लशमध्ये धरली आहे. ती दोनदा मोजायची नाही. बारा.

दाजींनी ७० लावले. मधे आता २००, मला द्यायचे ७०. हे मी टक्क्यांत मोजत नाही, डाव मोजतो. न दिसलेली पानं ४७, त्यातली बारा माझी. हाच प्रसंग ४७ वेळा आला तर १२ वेळा मला २०० मिळतील, म्हणजे २,४००. ३५ वेळा ७० जातील, म्हणजे २,४५०. सत्तेचाळीस वेळांत पन्नासचा तोटा, म्हणजे बरोबरीच म्हणा. आणि पान लागलं तर दाजी पुढेही काही देतील, कारण दाजी देतात. कॉल.

टर्न: चौकट चौकी. काही नाही. पॉट २७०. दाजींनी दोन कवड्या टाकल्या, २००. त्यांच्याकडे राहिले ६०. मधे ४७०, मला द्यायचे २००. आता न दिसलेली पानं ४६. बारा वेळा ४७०, एकूण ५,६४०. चौतीस वेळा २०० जाणार, एकूण ६,८००. तूट १,१६०. ही तूट त्या बारा जिंकलेल्या डावांतून भरून काढायची तर प्रत्येक वेळी रिव्हरवर आणखी ९७ च्या आसपास मिळायला हवेत. दाजींकडे आहेत साठ. भरून निघत नाही. मी पानं ठेवली.

"मामा, एकशेवीस घातलेत तुम्ही. आता सोडताय?"

हीच ती तीन पत्तीची सवय. एवढं घातलंय, आता बघूयाच. ते एकशेवीस माझे राहिले नव्हते, ते पॉटचे झाले होते. पॉटमध्ये माझे किती आणि दाजींचे किती हे चिंचोक्यांवर लिहिलेलं नसतं. विचारायचं एवढंच: आता किती द्यायचे, किती मिळू शकतात, किती वेळा मिळतील.

दाजींनी हौसेने पानं उघडली: तिर्रीची जोडी, म्हणजे फ्लॉपपासूनच तीन तिर्री. म्हणजे माझे बाराचे बारा आउट्स खरे नव्हतेच. बदाम राजा किंवा बदाम चौकी आली असती तर माझा फ्लश झाला असता आणि मधे जोडी पडून दाजींचा फुल हाउस. असे डागी आउट्स नेहमी एक-दोन वजा धरावेत, विशेषतः समोरचा जोरात लावत असेल तर.

भाच्याला राहवलं नाही, त्याने पुढचं पान उलटून बघितलं. बदाम पंजी. गच्चीवर एकदम कालवा झाला. "घ्या! आलं असतं!" आलं असतं. दाजींची दोन पानं वजा केली तर चव्वेचाळीसात दहा वेळा ते येणारच होतं. डाव संपल्यावर पुढचं पान उलटून बघायची सवय आम्ही त्या दिवसापासून बंद केली. त्यातून काहीच शिकायला मिळत नाही, आणि पुढचे चार डाव डोकं तिथेच अडकून राहतं.

कोण कसा खेळतो

दोन प्रश्नांत माणूस कळतो. किती हातांत शिरतो? आणि शिरल्यावर लावतो, की नुसता मागे मागे येतो? आमच्या सतरंजीवर चारही प्रकार मांडी घालून बसतात.

निवृत्त गणिताचे सर आहेत. तासाला दोन हात खेळतात आणि त्यातही रेझ क्वचित. पोकरच्या भाषेत रॉक. सरांनी रेझ केली की सगळे पानं टाकतात, म्हणून सरांना एक्के आले तरी ब्लाइंडचे तीन चिंचोकेच मिळतात. अशा माणसाचे ब्लाइंड बिनधास्त ओढायचे. आधी कुणी शिरलेलं नसताना रेझ केली की ते सोडून देतात. पण सर उलट रेझ करून आले तर राजाची जोडीसुद्धा पुन्हा एकदा बघून घ्यायची.

दाजी सगळ्यात शिरतात आणि सगळं कॉल करतात. "बघूया की, काय हाय त्यांच्याकडं." अशांना कॉलिंग स्टेशन म्हणतात. दाजींवर ब्लफ करू नका. हे वाक्य भिंतीवर लिहावं इतकं महत्त्वाचं आहे. ज्याला पानं टाकायचीच नाहीत त्याला घाबरवून काय होणार? त्यांच्याविरुद्ध एकच पद्धत: चांगला हात आला की मोठं लावायचं आणि तिन्ही फेऱ्यांत लावत राहायचं. राजाची एक जोडी आणि चांगलं जोडीदार पान असेल तरी. आणि दाजी स्वतःहून रेझ करतात तेव्हा, वरच्या डावासारखं, त्यांच्याकडे खरंच काहीतरी असतं.

भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि रात्री मोबाइलवर खेळाडूंचे व्हिडिओ बघतो. दर दुसऱ्या हातात रेझ, त्यावर रेझ, रिव्हरवर ऑल-इन. हा प्रकार दोन जातींचा असतो. एक विचार करून लावणारा, ज्याच्याविरुद्ध बसणं हा डोक्याला ताप. दुसरा नुसता लावणारा, वेडापीर. भाचा सध्या दुसरा आहे. त्याच्या डाव्या हाताला बसायला मिळालं तर बसा, म्हणजे तो आधी बोलतो. एरवी टाकाल अशी मधली जोडी त्याच्यापुढे धरून ठेवा, चेक करा, म्हणजे काही न लावता पाळी पुढे जाऊ द्या, आणि त्यालाच लावू द्या.

चौथे आमच्या मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी. कमी हात खेळतात, पण खेळले की पुढाकार त्यांचा. रेझ, फ्लॉपवर बेट, आणि उलटी रेझ आली की खांदा न उडवता पानं ठेवून देणं. टाइट-ॲग्रेसिव्ह म्हणतात ते हेच, आणि शिकणाऱ्याने हीच शैली घ्यावी असं माझं ठाम मत आहे. सैल आणि आक्रमक शैली टीव्हीवर छान दिसते, पण तिच्यात दर डावाला अवघड निर्णय येतो, आणि अवघड निर्णय नवख्याने कमीत कमी घ्यावेत. माझा कल थोडा सरांकडे जातो हे मला माहीत आहे. दर शनिवारी तासाभराने मी स्वतःला जरा ढकलतो.

ब्लफ, जरा जपून

ब्लफचंही गणित आहे. पॉट १०० असताना ५० लावून ब्लफ केला, तर तो तीनात एकदा चालला तरी बरोबरी होते: दोनदा ५० गेले, एकदा १०० आले. पूर्ण १०० लावले तर दोनात एकदा चालायला हवा. म्हणून ब्लफला नेहमीच डोंगराएवढं लावायची गरज नसते.

पण गणिताआधी गोष्ट जुळायला हवी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी या गावात नाटक उभं केलं, तेव्हापासून सांगलीकराला नाटकातली चूक लगेच कळते. फ्लॉपला चेक, टर्नला चेक, आणि रिव्हरवर काहीही न लागता अचानक मोठी बेट: पहिल्या दोन अंकांत नसलेला राजा तिसऱ्या अंकात कुठून आला? तुम्ही आधी रेझ केली आहे, फ्लॉपवर लावलं आहे, आणि टर्नवर तिसरा इस्पिक पडला, मग लावलेलं पटतं. सगळ्यांत चांगला ब्लफ म्हणजे ज्याला अजून आउट्स आहेत तो. समोरचा पळाला तर उत्तम, नाही पळाला तर पान यायची आशा असते. रिकाम्या हाताने दोन-तीन जणांसमोर ब्लफ करणं सोडून द्या. एक तरी दाजी निघतोच.

चेहरा वाचण्याचं फार मनावर घेऊ नका. हात थरथरतो तो चांगल्या पानानेही. त्यापेक्षा कोण किती लावतो ते बघा. आमचे व्यापारी फ्लश लागला की बरोबर निम्मा पॉट लावतात, आणि एकच जोडी असली की पाऊण. हे मला पाच शनिवार पानं टाकून बसल्यावर कळलं. ते नऊ रिकामे डाव यासाठी असतात. (व्यापाऱ्यांना हे वाचायला मिळालं तर माझी पंचाईत आहे.)

डोकं तापलं की उठा. मोठा हात हरल्यावर पुढच्या दहा मिनिटांत माणूस जी पानं खेळतो, ती त्याने एरवी हातातही धरली नसती. आमच्याकडे उपाय साधा आहे: हरलेल्याने खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा आणायचा. जिना दोन मजले आहे.

घरचा सराव

एक कॅट घ्या आणि एकटे बसा. पानं पिसा, दोन स्वतःला वाटा आणि मोठ्याने म्हणा: पहिल्या जागेवर खेळणार का, बटनवर खेळणार का. असे पन्नास हात रोज, वीस मिनिटं. आठवड्याने यादी पाठ होते, न घोकता.

दुसऱ्या आठवड्यात दोन पानांसोबत फ्लॉप उघडा. आउट्स मोजा, गुणिले २ करा. मग डोळे मिटून पॉटचा एक आकडा आणि बेटचा एक आकडा ठरवा आणि कॉल की फोल्ड ते सांगा. कागदावर वरच्यासारखं मांडून तपासा. पॉटच्या निम्मी बेट आली तर चारात एकदा जिंकायला हवं, पूर्ण पॉटएवढी आली तर तीनात एकदा. हे दोन आकडे आले की मधले अंदाजाने येतात.

तिसरं, प्रत्यक्ष खेळताना वही ठेवा. फार नको, दोनच रेघा: किती हात वाटले, किती हातांत स्वतःहून शिरलो. ब्लाइंडमध्ये बसून फुकट फ्लॉप बघितला तो धरायचा नाही. साठातले पंधरा ते अठरा ठीक. तीसच्या वर गेलात तर तुम्ही अजून तीन पत्ती खेळताय.

दाजींना वही मीच दिली, लग्नात आहेरात आलेली एक डायरी पडून होती. पहिल्या शनिवारी त्यांच्या साठात एक्केचाळीस रेघा होत्या. गेल्या शनिवारी बावीस. चिंचोकेही पहिल्यांदाच सुरुवातीपेक्षा जास्त घेऊन उठले. भडंगाची ताटली मात्र नऊ वाजताच रिकामी झाली होती. पानं टाकल्यावर हात मोकळे राहतात, त्याला ते तरी काय करणार.